वाद्यवृंदाच्या कंडक्टरला ‘संयोजक’ म्हणू नका

एकानं विचारलंय की फिनलंडचे एसा-पेक्का सालोनेन कंपोजरही (स्वतः संगीत रचणारे) आहेत आणि कंडक्टरही (वाद्यवृंदासमोर उभं राहून हाताच्या खुणांनी तो वाजवून घेणारे), तर मराठीत सरळ ‘संगीत संयोजक’ लिहिलं तर चालेल का. नाही चालणार! हे संयोजक प्रकरण इतक्यांदा कानावर पडतं की आता डोकंच फिरतं. संयोजक म्हणजे अरेंजर, दुसऱ्याच्या चालीत व्हायोलिन कुठे घ्यायचं, बासरी कुठे, हे ठरवणारा. सालोनेननी १९९६ साली वाद्यवृंदासाठी ‘एलए व्हेरिएशन्स’ लिहिलं त्यात सूरही त्यांचे आणि कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं तेही त्यांचंच.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या वाद्यवृंदात १९९२ ते २००९ ते म्युझिक डायरेक्टर, म्हणजे मुख्य कंडक्टर, होते (१९६२ ते १९७८ याच पदावर आपले मुंबईचे झुबिन मेहता होते), त्याचं ‘संगीत दिग्दर्शक’ केलं की लोक विचारतात, कुठल्या सिनेमाला संगीत दिलं? आणि मला खरी हळहळ इथेच वाटते, कारण दिग्दर्शक हा शब्द कंडक्टरला जितका चपखल बसतो तितका सिनेमावाल्यांनाही बसत नाही. दिक् म्हणजे दिशा, ती दाखवणारा तो दिग्दर्शक. आता कंडक्टरचा चार मात्रांचा हात बघा, पहिली मात्रा खाली, दुसरी डावीकडे, तिसरी उजवीकडे, चौथी वर. अख्खा वाद्यवृंद अक्षरशः दिशा बघून वाजवतो! त्यात दिक् ज्या दिश् धातूपासून आला त्याचा अर्थच दाखवणं, लॅटिनमधला इंडेक्स पण त्याच कुळातला, म्हणून तर्जनी ती इंडेक्स फिंगर. १९८३ मध्ये लंडनला ऐनवेळी बदली म्हणून उभं राहून पंचवीस वर्षांच्या सालोनेननी माहलर या ऑस्ट्रियन कंपोजरची तिसरी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची तब्बल दीड तासाची रचना, पार पाडली ती या हाताच्या खुणांवरच ना?

‘वाद्यवृंद संचालक’ हाच शुद्ध शब्द असं ठासून सांगणारे जाणकार आहेत, म्हणे कॉन म्हणजे सम् आणि डक्टर म्हणजे चालक, जोडी जुळते. जुळते ना, पण लॅटिनशी जुळवून करायचंय काय, मराठी कानाला संचालक म्हणजे बँकेच्या नाहीतर साखर कारखान्याच्या मंडळावरचा माणूस! मी तर ‘वाद्यवृंद दिग्दर्शक’च लिहितो आणि लिहिणार. सिनेमावाले वापरतात म्हणून शब्द काय त्यांच्या नावावर झाला?

हां, कंपोजर राहिलाच. रचनाकार म्हणा, संगीतकार म्हटलं की आपल्याला गाण्याला चाल लावणारा आठवतो आणि ‘एलए व्हेरिएशन्स’मध्ये गायला शब्दच नाहीत.