तालमीतल्या पोराला व्हिटॅमिनच्या गोळ्या द्याव्यात का?

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा. कोल्हापुरात तालमीत राहून कुस्ती करतो. जड मेहनतीने शरीरात फ्री रॅडिकल्स वाढतात म्हणून त्याला रोज 1000 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि सोबत ईची गोळी घ्यायला कुणीतरी सांगितलंय. सुरू करू का? – एक वडील, जत

उत्तर : नका करू. फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू, वाढतात हे खरं आहे. दम निघेपर्यंत लढत केली की रक्तातलं ग्लुटाथिओन, म्हणजे त्यांना आवरणारं शरीराचं स्वतःचं रसायन, तेही काही वेळ घटतं. पण स्नायूंना बंदोबस्त वाढवायचा निरोप त्यातूनच मिळतो. मग पेशी सुपरऑक्साइड डिसम्यूटेजसारखी संरक्षक एन्झाइम्स स्वतःच जास्त तयार करतात. नियमित सरावाने हे अंगात मुरतं. बाहेरून मोठा डोस घेतला तर तो निरोपच दबू शकतो. नॉर्वेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 11 आठवडे सी आणि ई घेणाऱ्यांचा दम इतरांइतकाच वाढला, पण स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांची, अपेक्षित वाढ झाली नाही. तो प्रयोग प्रौढांवरचा होता. वाढत्या वयाच्या पोरावर असला प्रयोग करायला माझं मन धजत नाही.

त्याचा खुराक चांगला असेल तर काही कमी पडत नाही. थंडाईतल्या बदामांत ई आहे. सी दिवसाला 80 मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. एका मोठ्या पेरूत त्याहून जास्त मिळतं. दूध-अंड्यांतली प्रथिनं ग्लुटाथिओन बनवायला कामी येतात.

मला काळजी वेगळीच वाटते. स्पर्धेआधी वजनगटात बसायला ही पोरं पाणी तोडतात, जेवण अर्ध्यावर आणतात, भर उन्हात स्वेटर घालून पळतात, आणि मेहनत मात्र तेवढीच! अशी पोरं माझ्याकडे येतात तेव्हा ओठ फुटलेले असतात. माझा हात दाबायला सांगितला तर बोटं थरथरतात, आणि हीच पकड दोन दिवसांनी प्रतिस्पर्ध्याच्या मनगटावर बसायची असते. खाणंपिणंच तुटलं की शरीराने संरक्षण उभारायचं तरी कशातून? म्हणून त्याला वजनाबद्दल नीट विचारा. गरज पडली तर वस्तादांशी बोला, वरच्या गटात खेळू द्या. रात्रीची झोप आणि आठवड्यातला सुट्टीचा दिवस मोडू देऊ नका.

आणि जबर मेहनतीनंतर अंग खूप दुखून लघवी चहाच्या रंगाची झाली, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.