मुलाखतींचा थकवा, आणि बाकीचं जे तू विचारलं नाहीस

तुझा प्रश्न तसा सरळ होता. ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहेस, इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या रुग्णालयातल्या तज्ज्ञ होण्याच्या प्रशिक्षणासाठी, अमेरिकेतून मुलाखती आल्यात, दिवसा ओपीडी आणि रात्री झूम, आणि "ताई, तिसऱ्या मुलाखतीपासूनच चेहरा ओढल्यासारखा होतो, तुम्ही कसं निभावलंत?" शेवटच्या ओळीत पहिलीतल्या मुलीचा उल्लेख. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते. चार दिवस झाले, लिहितेच आहे.

इरास (अर्ज भरायची यंत्रणा), स्टेप थ्री (परवान्याची परीक्षा), व्हिसाचे प्रकार यावर मी बोलणार नाही. ते अधिकृत ठिकाणी आहे आणि तुला माझ्याहून जास्त पाठ असणार.

आधी घड्याळ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली, म्हणजे अमेरिकेतली, घड्याळं तासभर मागे जातात. ऑक्टोबरात न्यूयॉर्कची सकाळी ८ची मुलाखत तुझ्याकडे संध्याकाळी ५:३०ला असते, तीच नोव्हेंबरात ६:३०ला. शिकागोची ७:३०ला. कॅलिफोर्नियाची रात्री ९:३०ला सुरू होते आणि रेसिडेंटांशी गप्पा वगैरे धरून पहाटेपर्यंत रेंगाळते. नाईट करून आल्याच्या दिवशी मुलाखत ठेवूच नकोस. सहकाऱ्याबरोबर ड्यूटी बदल, त्याच्या नाईट्स जानेवारीत फेड. अधीक्षकांना खरं कारण सांगायचं की नाही ते तूच ठरव. आमच्या बॅचमधल्या एकाने मावसबहिणीचं लग्न दोन महिने लांबवलं होतं. दुपारी पडलीस तर वीस मिनिटंच पड. तासभर झोपलीस तर उठल्यावर डोकं जड असतं. आणि मधल्या ब्रेकमध्ये चहा घेऊ नकोस, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात आणि सकाळी तुला पुन्हा ओपीडी आहे.

झोपेचं एवढंच. झोप भरून काढता येते. तू जे चेहऱ्याबद्दल लिहिलंस ते वेगळं आहे.

गेली काही वर्षं मी मुलाखत घेणाऱ्यांत बसते. भारतातून बोलणारी मुलं लगेच ओळखू येतात. ट्यूबलाइट, मागे इस्त्री केलेली चादर, कुठेतरी कुकरची शिट्टी. थकलेला उमेदवार मला कळतो तो त्याच्या लांबलेल्या उत्तरांवरून. मी विचारते, "कोणता पेशंट लक्षात राहिला?" आणि तो "माझा कमकुवत मुद्दा" या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर सुरू करतो, मध्येच त्याला जाणवतं, पण थांबता येत नाही. आम्हीही राऊंड उरकून, पेजर बाजूला ठेवून बसलेलो असतो. आम्हालाही त्या दिवसातलं पहिलं खरं वाक्य ऐकायचं असतं.

म्हणून तयारी कमी कर. एक तरी पेशंट असा ठेव ज्याच्याबद्दल तू सराव केलेला नाहीस. तू ग्रामीण रुग्णालयात आहेस. मण्यारीचा दंश झालेला, सूज नाही, वेदना नाही, आणि पहाटे पापण्या मिटायला लागलेला पेशंट तू पाहिला असशील. फवारणीच्या दिवसांत विषबाधेच्या पेशंटसाठी ॲट्रोपिनच्या ॲम्प्युल फोडून फोडून बोटं कापली असतील. इथल्या माझ्या सहकाऱ्यांनी ते फक्त पुस्तकात वाचलंय. तू मात्र आम्हाला "क्वालिटी इम्प्रूव्हमेंट प्रोजेक्ट" सांगत बसतेस.

दुसरी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. आपल्याकडे स्वतःची टिमकी वाजवायची नाही हे लहानपणापासून अंगात मुरवतात. इथे दिवसभर तेच करायचं असतं, तेही हसत हसत, दर वीस मिनिटांनी नव्या माणसासमोर. मी पुढाकार घेतला, मी बदल घडवला, मी शिकले. संध्याकाळपर्यंत "मी" म्हणायचाच कंटाळा येतो. तो थकवा शरीराचा नसतोच, आणि दुपारच्या झोपेने जात नाही. त्यावर मला सापडलेला उपाय अगदी बाळबोध आहे: मुलाखत संपली की अर्धा तास कुणाशी तरी स्वतःबद्दल अजिबात न बोलता बोलायचं. सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल बोल, भाजीच्या भावाबद्दल बोल. नवऱ्याला "कशी झाली?" विचारायची बंदी कर.

माझ्या वेळी, म्हणजे २०१५च्या हिवाळ्यात, प्रत्यक्ष जावं लागायचं. ऑनलाइन प्रकार २०२०मध्ये कोविडमुळे आला. शिकागो, डेट्रॉइट, ब्रुकलिन, मधले प्रवास बसने, एकच काळा सूट, ओळखीच्या ओळखीने मराठी घरांतले सोफे. तुमचं सोपं झालं असं आमच्या पिढीचे लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. मला निदान बसमध्ये कुणी ओळखत नव्हतं. तुला लॅपटॉप मिटला की दोन मिनिटांत मुलीचा गृहपाठ घ्यायचा आहे.

माझा मुलगा तेव्हा साताऱ्याला आजीकडे होता. मुलाखतीच्या आदल्या रात्री रेसिडेंटांबरोबर जेवण असायचं. ते आटोपून शिकागोतून ८ला फोन लावला की तिकडे सकाळचे ७:३०, म्हणजे गणवेश, बूट, रिक्षा आलेली. तो "हं" म्हणायचा आणि फोन आजीकडे द्यायचा. त्यानंतर मी दुसऱ्या दिवशीची उत्तरं पाठ करायचे.

आता कागदपत्रं. माझ्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग मी, मग वडील, आणि आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव. इथल्या लोकांच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नोंद, आणि प्रत्येक खिडकीवर "साहेब जेवायला गेलेत". तुझं लग्नानंतर नाव बदललं असेल तर हे मॅचपर्यंत (उमेदवार आणि रुग्णालयं एकमेकांना क्रम देतात, त्यावरून जागा ठरतात, ती मॅच) लांबवू नकोस. पण मला छळलं ते दुसऱ्याच कागदाने. जे-१ व्हिसासाठी, म्हणजे प्रशिक्षणाच्या व्हिसासाठी, दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं "स्टेटमेंट ऑफ नीड" लागतं. देशाला या विषयातल्या डॉक्टरांची गरज आहे, आणि प्रशिक्षण संपल्यावर मी परत येईन असं लेखी आश्वासन मी दिलं आहे, असं त्यात असतं. एका कार्यालयातल्या बाबूने तो अर्ज बघून विचारलं, "खरंच येणार का परत, मॅडम?" आणि हसला. मला राग आला होता. अजून येतो, पण आता का येतो ते कळतं.

कारण त्याच हिवाळ्यात मी मुलाखतींत सांगत होते की मला इथल्या वंचित भागात दीर्घकाळ काम करायचंय. सरकारला लिहून देत होते की परत येईन. सासूबाईंना सांगितलं होतं की तीनच वर्षं. मुलाला सांगितलं होतं की दिवाळीनंतर. यातलं काहीच मी खोटं म्हणून बोलले नव्हते. पण प्रत्येक फोननंतर आठवावं लागायचं की आत्ता समोर कोण आहे. माझा सगळा थकवा तिथला होता, असं मला आज वाटतं. पुढे कॉनरॅड ३०चा वेव्हर, म्हणजे परत जायच्या अटीतून सूट, घेतला, तीन वर्षं एका लहान गावात काम केलं, सगळं कायद्याने झालं. लेखी आश्वासनाचं काय झालं हे मला कुणी विचारलं नाही. तुझ्या ग्रामीण रुग्णालयाचं नाव वाचलं आणि ते आठवलं, बाकी काही नाही.

एक मात्र खरं की दडपण उगाच नसतं. २०२४मध्ये अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८.५ टक्के मॅच झाले. उरलेलेही तुझ्यामाझ्यासारखेच होते. त्या धास्तीने लोक शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्याला "तुम्हीच माझे पहिल्या नंबरवर" असं सांगून टाकतात. कितव्या नंबरवर टाकणार हे विचारायची प्रोग्रॅमला नियमाने मनाई आहे, मग आपण कशाला सांगायचं? त्यापेक्षा प्रत्येक मुलाखतीनंतर वहीत पाच ओळी लिही. रँक लिस्ट भरताना सगळे पीडी (प्रोग्रॅम डायरेक्टर) एकाच चेहऱ्याचे वाटतात.

एकटेपणाबद्दल तू अर्धी ओळ लिहून खोडल्यासारखं दिसलं. येतो. सवय होते.

मुलीबद्दल जास्त सांगते. शाळेत नाव घालताना एक फॉर्म देतात, घरी कोणती भाषा बोलता म्हणून. मी मराठी लिहिलं, दुसरं काय लिहिणार? मुलगा साताऱ्यात इंग्रजी शाळेत होता, वाचत उत्तम होता. त्याची चाचणी झाली, परक्या जागी तो बोललाच नाही, आणि त्याला इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या गटात टाकलं. त्या गटाचा तास नेमका विज्ञानाच्या वेळी. विज्ञान हा त्याचा एकमेव आवडता तास. मी भेटायला गेले तेव्हा शाळेतल्या एका बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं, पुढची चाचणी वर्षातून एकदाच, आता फेब्रुवारीत. मी तेव्हा आठवड्याला ऐंशी तास काम करत होते, भांडायला उभं राहायची ताकद नव्हती. मुलगा आता हायस्कूलमध्ये आहे, इंग्रजीत निबंधाची बक्षिसं घेतो, मराठी फक्त आजीशी बोलतो, तेही थोडंच. त्या बाईंचा गोड आवाज मला अजून ऐकू येतो. तू मराठीच लिही. पण चाचणीच्या दिवशी आधी अर्धा तास शाळेत जाऊन बस तिच्याबरोबर.

मॅचचा निकाल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात लागतो. तोवर मुलीच्या शाळेला काही बोलू नकोस, पुढच्या वर्षाची फी मागतील ती हप्त्याने भर. शाळा सोडल्याचा दाखला घेशील तेव्हा इंग्रजी प्रत शिक्क्यासकट माग. आणि लसीकरणाचं कार्ड आजच काढून बघ. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, इथे शाळेत मागतात. दोन डोस, मध्ये तीन महिन्यांचं अंतर. पहिला डोस मॅचची वाट न बघता देऊन टाक, नाहीच झाली मॅच तरी लस काही वाया जात नाही.