धर्मांतराच्या जुन्या कादंबऱ्या वाचायला घेतोयस, तर

सुरुवात १८५० च्या आसपासच्या इंग्लंडपासून कर. ज्यूंमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवण्यासाठी लंडनमध्ये १८०९ सालीच संस्था निघाली होती, आणि त्या काळच्या कित्येक कथांचा साचा एकच: कडक म्हातारा ज्यू बाप, सुंदर मुलगी, तिने लपवून वाचलेला नवा करार (बायबलचा ख्रिस्ती भाग), शेवटी मरणशय्या. दोन-तीन वाचल्यास की पुढचं पान तुला आधीच कळेल. कंटाळू नकोस, पण सगळं खरंही मानू नकोस. ज्यू घरात शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथसाठी लावतात त्या दिव्यांचं वर्णन कितीही गोड असलं, तरी ते बहुधा बाहेरून पाहिलेलं असतं. लेखकाला ते घर शेवटी रिकामंच करायचं असतं.

म्हणून लगेच ग्रेस अग्विलार वाच. ती स्वतः ज्यू, पोर्तुगीज वंशाची. १८४७ मध्ये अवघ्या ३१ व्या वर्षी गेली आणि 'द व्हेल ऑफ सीडार्स' १८५० मध्ये आली. स्पेनमध्ये लपून धर्म पाळणारी तिची नायिका ख्रिस्ती इंग्रजावर प्रेम करते, पण धर्म सोडत नाही. भाषा भरजरी आहे, मान्य; मलाही मधली पानं जड गेली. पण चांगले ख्रिस्तीही तिथे आहेत, हे बघ.

आणि हो, ज्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोकणातले शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल, येतात. ते चित्र इथे बाजूला ठेव. इंग्लंडने १२९० मध्ये ज्यूंना हाकललं होतं. पुढे ते परत आले, तरी पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात पहिला ज्यू सदस्य ज्यू म्हणून बसला तो १८५८ मध्ये. कादंबरीचं साल आधी बघ, मग कथानक.