झिंक डायकास्टिंग नवीन चालू करतोयस तर
भावा, बेळगावच्या उद्यमबागेत झिंकचं काम (वितळलेला धातू साच्यात दाबून पार्ट काढायचं) धरतोयस ते झकास, पण सुरुवातीला झामक ३ हा झिंकचा मिश्रधातूच घे. त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम, माप हलत नाही, प्लेटिंग छान बसतं, हँडल-बक्कल सगळं निघतं. जास्त कडक पाहिजे तर झामक ५, त्यात टक्काभर तांबं. झेडए-२७ (साधारण २७ टक्के ॲल्युमिनियमवाला झिंकचा मिश्रधातू) चा नाद आत्ता नको.

नवीन पोरं इथं फसतात बघ:
- भंगार मिसळणं. शिसं, कथील चिमूटभर जरी गेलं तरी पीस आज चकचकीत दिसतो आणि पुढं दमट हवेत आतनं फुगून तडकतो, आपल्याकडचा पावसाळा तर तुला माहितीच आहे, म्हणून सोल्डर (शिसं-कथलाचा डाख) लागलेला तुकडा भट्टीजवळसुद्धा आणू नको.
- जास्त तापवणं. ३८५ डिग्रीच्या आसपास वितळतं, ४२० भरपूर झालं.

इंजिनजवळच्या गरम पार्टची ऑर्डर आली तर सरळ नाही म्हण, १०० डिग्रीच्या पुढं ताकद फार उतरते.