सगळी उपकरणं आता कमी वीज खातात म्हणतात, मग घराचं बिल पूर्वीपेक्षा जास्त का येतं?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय, 'की आपल्याच सवयी बिघडल्यात?' ते वाचून राहवलं नाही. हेच वाक्य आमचे मोठे मामा मला वर्षानुवर्षं ऐकवत आलेत, आणि मी उमेदीची सगळी वर्षं फ्रिज-एसीच्या दुरुस्तीत घातलेला माणूस.

मामांचं म्हणणं ठरलेलं. त्यांच्या लहानपणी घरात एक दिवा, बिल नावापुरतं. आता जिकडे बघावं तिकडे बटणं. म्हणून ते दिवसभर घरभर हिंडून दिवे मालवत असतात. खोलीत कोणी वाचत बसलेलं असलं तरी. एकदा बिल जरा जास्तच आलं तेव्हा मला फर्मान सुटलं: "तू या धंद्यातला ना? ये आणि सांग यांना, दिवे बंद करत जा म्हणावं."

गेलो. सोबत प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर नेला. दिव्यांकडे बघितलंसुद्धा नाही. पूर्वी ६० वॅटचा पिवळा बल्ब जेवढा उजेड द्यायचा, तेवढा आजचा ८-९ वॅटचा एलईडी देतो. पांढरा उजेड देणारे एलईडी दिवे ज्यामुळे शक्य झाले, त्या निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चं नोबेल उगाच नाही मिळालं. सरळ मागच्या खोलीत गेलो. तिथे जुना फ्रिज घुरघुरत होता. नवा घेतला तेव्हा "मजबूत माल आहे, टाकायचा कशाला?" म्हणून ठेवून घेतलेला. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं. पट्टी सुळकन खाली पडली, कारण दाराचं रबर कडक होऊन वाकडं झालेलं. मागे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर धुळीचा गालिचा, त्यात फ्रिज भिंतीला टेकवलेला. कॉम्प्रेसर बंद व्हायचं नावच घेत नव्हता. आणि आत काय? पाण्याच्या दोन बाटल्या!

चोवीस तास मीटर लावून ठेवला. घरातले सगळे दिवे मिळून जेवढी वीज घेत होते, त्याच्या कितीतरी पट हा एकटा खात होता. आकडा दाखवला तर मामा म्हणाले, "मीटर खोटा असेल."

तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या खोलीतच आहे. यंत्रं सुधारली, हे खरं. १९७० च्या दशकात अमेरिकेतला सरासरी फ्रिज वर्षाला सुमारे १,८०० युनिट घ्यायचा. नंतर वीजवापराचे नियम कडक होत गेले आणि आज त्याहून मोठा फ्रिज साधारण पाव ते तिसरा हिस्सा विजेत चालतो. पण नवा आला म्हणून जुना गेला, असं किती घरांत होतं? वर एसी आला, गिझर आला, रात्रंदिवस चालू राहणारा राऊटर आला. १० वॅटचा राऊटर वर्षाला सुमारे ८८ युनिट घेतो. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्येच कोळशाबद्दल हे लिहून ठेवलं होतं: इंजिन काटकसरी झालं की कोळसा कमी नाही, जास्त जळतो, कारण ते वापरणं परवडू लागतं.

आणि पूर्वी स्वस्ताई होती, हे तर साफ झूट. विल्यम नॉर्डहॉस या अर्थतज्ज्ञाने उजेडाची किंमत मजुरीच्या तासांत काढली. १८०० च्या सुमारास मेणबत्तीच्या जमान्यात जेवढ्या उजेडासाठी पाच तासांहून जास्त राबावं लागे, तेवढा १९९२ मध्ये एका सेकंदाहून कमी वेळाच्या मजुरीत मिळत होता. शिवाय लाकडं फोडणं, रॉकेल आणणं, धुरात डोळे चोळणं याचं बिल कोणी काढलंच नाही. ते घरातल्या बायकांनी फेडलं. मामांच्या 'नावापुरत्या' बिलात माझ्या आजीची मेहनत धरलेलीच नाही!

वीज खरी जाते ती गरम किंवा गार करण्यात. २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज लागते. तेवढ्यात ९ वॅटचा दिवा साठ तासांवर जळेल. म्हणजे अंघोळीच्या पाण्याचा गिझर तासभर आधीपासून चालू ठेवणाऱ्याने दुसऱ्याला दिव्यावरून बोलू नये. (हो मामा, तुम्हीच.)

आता थोडं सबुरीनं. बिलाची रक्कम वाढली म्हणजे वापर वाढलाच असं नाही. दर बदलतात, स्थिर आकार आणि कर वेगळे असतात. आधी जुन्या-नव्या बिलांतले युनिट ताडून बघा. थंड प्रदेशात घर ऊबदार ठेवण्याचाच खर्च सर्वांत मोठा, तिथे माझी फ्रिजची कथा चिल्लर. जुनं ते लगेच भंगारात काढा, असंही म्हणत नाही. नवा फ्रिज बनवायलाही ऊर्जा लागतेच. रबर बदलून, जाळी झाडून, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून बराच फरक पडतो. आणि रिकाम्या खोलीतला दिवा जरूर मालवा, नुकसान काहीच नाही.

पण दोन फ्रिज चालू ठेवून घरच्यांना सवयींवर व्याख्यान देऊ नका. मामा, हे वाचत असाल तर त्या मॉडेलचं रबर अजून मिळतं. मजुरी घेणार नाही. मात्र मीटर पुन्हा लावणार.