कुंपणाचा खर्च कोणाच्या माथी?

प्रश्न : अनेक देश सरहद्दीवर भिंती किंवा काटेरी कुंपणे का उभारतात? त्यांमुळे घुसखोरी खरोखरच थांबते का, आणि तेथील समाजावर त्यांचा काय परिणाम होतो? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : सरकारे यासाठी जी कारणे देतात ती सहसा दहशतवाद, तस्करी आणि बेकायदा स्थलांतर हीच असतात. त्यांतले कोणतेही खोटे नसते. पण कुंपण या तिन्हींवर सारखे काम करत नाही. २००३च्या शस्त्रसंधीनंतर भारताने नियंत्रण रेषेवरील कुंपण पूर्ण केले, तेव्हा शस्त्रे घेऊन येणाऱ्या टोळ्यांची वाट बिकट झाली, हे मान्य करावे लागेल. मजुरीसाठी येणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेने १९९४पासून सॅन दिएगोजवळचा बंदोबस्त कडक केला, तेव्हा लोक ॲरिझोनाच्या वाळवंटातून जाऊ लागले आणि उष्म्याने व पाण्यावाचून मरू लागले. शिवाय जे मेक्सिकन मजूर पूर्वी हंगाम संपला की घरी परतत, त्यांतल्या अनेकांनी परतीचा धोका नको म्हणून अमेरिकेतच मुक्काम केला आणि कुटुंबांनाही बोलावून घेतले. कागदपत्रांविना राहणाऱ्यांची तेथील संख्या १९९०मध्ये सुमारे ३५ लाख होती, ती २००७पर्यंत १ कोटी २० लाखांच्या पुढे गेली. या वाढीला इतरही कारणे होती, परंतु कडक सरहद्दीने ये-जा थांबवण्याऐवजी पुष्कळदा फक्त ‘जा’ थांबवली, एवढे निश्चित म्हणता येते.

भिंत कशावर टिकते, हे समजून घ्यायचे असेल तर आपल्याच देशातले एक विस्मृतीत गेलेले उदाहरण पाहावे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने मिठावरचा कर चुकवणाऱ्यांना अडवण्यासाठी सिंधू नदीपासून महानदीच्या खोऱ्यापर्यंत जकातीची एक रेषा आखली आणि तिच्या बऱ्याच भागावर बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंग यांची जिवंत कुंपणे वाढवली. ही रेषा आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरावरूनही जात असे. १८६७ ते १८७० या काळात या खात्याचे आयुक्त होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच गृहस्थ. (काँग्रेसचे पहिले अधिवेशन १८८५मध्ये पुण्यातच भरायचे होते; पटकीच्या साथीमुळे ते मुंबईला हलवावे लागले.) या रेषेवर सुमारे १२ हजार माणसे पहाऱ्याला होती, आणि एवढे करूनही चोरटे मीठ येतच होते. शेवटी सरकारने सांभर सरोवरासारखी मिठाची ठिकाणे ताब्यात घेऊन कर तेथेच वसूल करायला सुरुवात केली, प्रांताप्रांतांतील कराच्या दरांमधला फरक बराच कमी केला आणि १८७९मध्ये ही रेषा मोडीत काढली. दोन्ही बाजूंच्या भावातला फरक गेला, तेव्हा कुंपणाची गरजही गेली. आजच्या सरहद्दींवर हा फरक मजुरीचा असतो, गुरांच्या किमतीचा असतो किंवा नुसत्या जिवाच्या सुरक्षिततेचा असतो, आणि तो कमी करणे मिठाचा कर बदलण्याइतके सोपे नसते. म्हणून सरकारे दिसेल असे काहीतरी उभारतात.

‘दिसेल असे’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले आहेत. आसाम आंदोलनानंतर १९८५मध्ये झालेल्या करारात सरहद्दीवर भिंती व काटेरी तारांचे अडथळे उभारण्याचे कलम आहे. म्हणजे बांगलादेश सरहद्दीवरचे कुंपण हा सुरक्षेचा उपाय आहे, तसेच ते एका संतप्त समाजाला दिलेले राजकीय वचनही आहे. ४,०९६ किलोमीटरच्या त्या सरहद्दीपैकी तीन हजार किलोमीटरांहून अधिक भागावर आता कुंपण आहे. मात्र शून्य रेषेपासून (म्हणजे प्रत्यक्ष सरहद्दीपासून) १५० यार्डांच्या आत संरक्षणासाठी कोणतेही बांधकाम करायचे नाही, असे दोन्ही देशांनी १९७५मध्येच ठरवले असल्याने हे कुंपण बहुतेक ठिकाणी भारताच्या हद्दीत आत सरकलेले आहे. परिणामी भारतीय नागरिकांची शेते, आणि काही ठिकाणी राहती घरेही, कुंपणाच्या पलीकडे राहिली. त्यांना स्वतःच्या जमिनीवर जायला ओळखपत्र दाखवून फाटकातून जावे लागते, आणि फाटक सीमा सुरक्षा दलाच्या वेळेप्रमाणे उघडते. पंजाबात तर कुंपणापलीकडे २१ हजार एकरांच्या आसपास शेतजमीन आहे. तेथे ऊस-मक्यासारखी उंच पिके घेण्यावर निर्बंध आहेत, कारण त्यांत माणूस लपू शकतो.

माझे मत असे की भिंतीने मिळणारे समाधान आणि भिंतीचा त्रास हे दोन वेगळ्या ठिकाणच्या लोकांच्या वाट्याला येतात. महाराष्ट्राला परदेशाची भूसरहद्द नाही. पुण्यात बसून ‘सरहद्द बंद करा’ म्हणायला आपल्याला काहीच मोजावे लागत नाही. मोजतो तो अमृतसर जिल्ह्यातला शेतकरी, ज्याला रात्री पिकाला पाणी द्यायला जाता येत नाही. म्हणून कुंपणच नको, असे मी म्हणत नाही. जेथे गोळीबार होतो तेथे ते हवे. पण ज्यांची जमीन पलीकडे गेली त्यांची भरपाई, फाटकाच्या वेळा आणि तक्रारीची सोय यांचा हिशेब कुंपणाच्या खर्चातच धरायला हवा, आणि तो अजून नीट धरला जात नाही.

प्रश्न : तणाव निवळल्यावर अशा भिंती पाडता येत नाहीत का? बर्लिनची भिंत तर पडलीच. (एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : बर्लिनची भिंत या बाबतीत फसवे उदाहरण आहे. ती परक्यांना बाहेर ठेवण्यासाठी नव्हे, तर आपल्याच नागरिकांना आत डांबण्यासाठी होती. १९४९ ते १९६१ या काळात २५ लाखांहून अधिक लोक पूर्व जर्मनी सोडून गेले होते. तिच्या जवळ राहणाऱ्या सामान्य माणसांना ती नको होती, त्यामुळे १९८९मध्ये राजवट डळमळली तशी तीही गेली.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टकडे पाहिले तर चित्र उलटे दिसते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये १९६९पासून भिंती उभ्या राहिल्या, त्याही तात्पुरत्या म्हणून. १९९८मध्ये शांतता करार झाला. २०१३मध्ये तेथील सरकारने २०२३पर्यंत सर्व भिंती काढण्याचे ठरवले, पण ती मुदत टळून गेली. भिंतीला लागून राहणाऱ्यांपैकी अनेकांना ती एवढ्यात पाडलेली नको आहे, कारण तिच्या आडोशाला एक पिढी वाढली आणि पलीकडच्या शेजाऱ्याशी बोलण्याची सवयच उरली नाही. काही फाटके दिवसा उघडी असतात. रात्री मात्र ती अजूनही बंद केली जातात.