‘क्रिटिकल’ला टीकात्मक म्हणावं का?

प्रश्न असा आलाय : धर्म, जेंडर आणि ‘क्रिटिकल सोशल स्टडीज’ या विषयांवरच्या काही संशोधनपत्रिकांचे नवे अंक निघालेत आणि त्यांची चार ओळींची मराठी सूचना लिहायची आहे. भाषांतरयंत्रानं हाती दिलं ते ‘धार्मिक, लैंगिक आणि गंभीर सामाजिक अभ्यासातील नवीन मुद्दे’. प्रश्नकर्त्यांनी ‘गंभीर’ खोडून ‘टीकात्मक’ केलं, आणि आता विचारताहेत, एवढं पुरे ना?

पुरे नाही. त्या ओळीत चार शब्द घसरलेत, त्यातला एकच उचलून उभा केलाय, तोही जरा लंगडतोय.

‘मुद्दे’ आधी काढून टाका. पत्रिकेचा इश्यू म्हणजे अंक. व्हॉल्यूमला मराठी नियतकालिकं बहुधा ‘वर्ष’ म्हणतात, ‘वर्ष 12, अंक 3’ अशी. मात्र काही पत्रिका वर्षाला दोन व्हॉल्यूम काढतात. तिथे ‘खंड’ लिहावं, नाहीतर पत्रिकेचं वय दुप्पट होतं.

आता ‘क्रिटिकल’. टीका हा शब्द पूर्वी चांगल्या घरचा होता. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे असं म्हणताना ज्ञानेश्वरांनी गीतेला नावं ठेवली, असं कुणाच्या मनात येत नाही. टीका म्हणजे उलगडा, अर्थ खोलणं. पण गेल्या शतकाभरात या शब्दाला धार आली. आज ‘विरोधकांची टीका’ ऐकलं की बोट रोखलेलंच दिसतं. त्यामुळे ‘टीकात्मक अभ्यास’ वाचणाऱ्याला वाटणार, लेखकानं निकाल आधीच लावलाय, अभ्यास फक्त पुरावे गोळा करायला. ‘समीक्षा’ हा शब्द सभ्य आहे, पण तो साहित्याकडे दिलेला आहे. ‘समीक्षक’ म्हटलं की पुस्तकच आठवतं.

माझं मत ‘चिकित्सक’ला. हा शब्द पाहावा तेवढा गोड आहे. पाणिनीच्या एकाच सूत्रातून (3.1.5) जुगुप्सा, तितिक्षा आणि चिकित्सा ही तीन भावंडं निघतात. चिकित्सा ‘कित्’ धातूची, आणि तिचा रूढ अर्थ रोगावरचा इलाज. पण त्याच धातूला ‘वि’ लावला की विचिकित्सा होते, म्हणजे शंका. कठोपनिषदात नचिकेता यमाला जे विचारतो, मेल्यावर माणूस उरतो की नाही, तिथे हाच शब्द आहे. शंका आणि उपचार एकाच घरात! मराठीनं दोन्ही सांभाळले. शल्यचिकित्सक म्हणजे सर्जन, आणि ‘फार चिकित्सा करू नकोस’ म्हणजे दर गोष्ट उलटीपालटी करून बघू नकोस.

गंमत म्हणजे इंग्रजी शब्दाची कुंडलीही अशीच आहे. त्याच्या मुळाशी ग्रीक ‘क्रिनेइन’, म्हणजे वेगळं करणं, निवाडा करणं. त्याच मुळातून आलेला ‘क्रिसिस’ ग्रीक वैद्यकात आजाराच्या निर्णायक वळणाला म्हणत. ‘पेशंट क्रिटिकल आहे’ हे आपण रोज बोलतो ते तिथूनच. यंत्राला ‘गंभीर’ सुचलं ते त्या पेशंटवरून. चूक आहे, पण अगदीच निराधार नाही.

या विद्याशाखेतल्या ‘क्रिटिकल’चा वंश मात्र वेगळा सांगावा लागतो. जर्मन तत्त्वज्ञ माक्स होर्कहायमर यांनी 1937 साली एका निबंधात ‘पारंपरिक’ सिद्धान्त आणि ‘क्रिटिकल’ सिद्धान्त अशी फारकत केली. पहिला समाज जसा आहे तसा मांडतो. दुसरा विचारतो की हे असं का ठरलं, कुणाच्या सोयीचं आहे, आणि मी अभ्यास करतोय तोही त्याच व्यवस्थेत बसूनच ना? तो निबंधही एका संशोधनपत्रिकेतच छापून आला होता. या अर्थाला ‘चिकित्सक’ बसतो, कारण मराठीत ‘धर्मचिकित्सा’ हा शब्द आधीच रुळलाय. धर्मचिकित्सा करणारा धर्माला शिव्या घालत नाही (घालतो असा आरोप होतो, ते सोडा), तो तपासून बघतो.

‘लैंगिक’ तर ताबडतोब काढा. ‘लैंगिक अभ्यास विशेषांक’ असं मुखपृष्ठावर छापून आलं तर अंक खपेल, पण भलत्याच कारणानं. मराठीत लैंगिक म्हणजे सेक्शुअल, आणि जेंडर म्हणजे लिंगभाव. समाजानं बाई आणि पुरुष यांच्यासाठी आखलेलं वागणं, कामं, मान, मर्यादा हे सगळं त्यात येतं. इंग्रजीतही जेंडर बराच काळ मुख्यतः व्याकरणातलाच शब्द होता, लॅटिन ‘गेनुस’ म्हणजे प्रकार यावरून आलेला. आजचा समाजशास्त्रीय अर्थ त्याला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला. संस्कृतातही लिंग म्हणजे आधी खूण. न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, धूर हे अग्नीचं लिंग. आणि व्याकरणातल्या लिंगाचा शरीराशी संबंध किती, ते ‘त्या व्यक्तीला भरघोस मिशा होत्या, ती माझ्याकडे बघून हसली’ या वाक्यात दिसतं. माणूस पुरुष, शब्द स्त्रीलिंगी, आणि आपण बिनदिक्कत ‘ती’ म्हणतो.

‘लिंगभाव’वर एक आक्षेप ऐकलाय की ‘भाव’ म्हणजे भावना वाटते, भक्तिभावासारखी. मला तो फारसा पटत नाही. भाव ‘भू’पासून, म्हणजे होणं, आणि इथे नेमकं होत जाणंच सांगायचंय. शिवाय अभ्यासकांनी तो शब्द वापरून रुळवलाय, आता नवा शब्द घडवत बसण्यात अर्थ नाही. कुणी सरळ ‘जेंडर’ लिहिलं तरी माझी तक्रार नाही.

राहिला ‘धार्मिक अभ्यास’. ही विशेषणाची जुनी खोड. धार्मिक अभ्यास म्हणजे पोथी लावणं. धर्माकडे बाहेरून, इतिहास-समाजशास्त्राच्या नजरेनं बघणारा तो ‘धर्माचा अभ्यास’. ‘धर्मशास्त्र’ही नको, त्या शब्दावर स्मृतिग्रंथ बसलेत.

तेव्हा सूचनेची पहिली ओळ मी अशी लिहीन : ‘धर्म, लिंगभाव आणि चिकित्सक समाज-अभ्यास या विषयांवरील संशोधनपत्रिकांचे नवे अंक प्रसिद्ध झाले आहेत.’ ‘समाज-अभ्यास’मधली जोडरेघ राहू द्या. ती काढून ‘चिकित्सक समाज अभ्यास’ असं सुटं लिहिलंत, तर वाचणारा चिकित्सकपणा समाजाला बहाल करेल.